तारेचा पल्ला

सन १८५८ च्या ऑगस्ट महिन्याच्या १६ व्या तारखेस इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरिया यांचा एक संदेश अमेरिकेचे अध्यक्ष ब्यूकॅनन यांजकडे अटलांटिक महासागराच्या तळावरून तारेनें पाठविण्यांत आला. संदेश सुमारें शंभर शब्दांचाच होता. परंतु तो पलीकडे पोहोंचण्यास सुमारें १६ तास लागले. तरीहि न्यूयॉर्क शहरांत तोफांची सरबत्ती झाली, आणि दारूकामाच्या ठिणग्यांनीं तेथील नगरभवनाचा घुमट पेटला, तरी लोकांचा उत्साह ओसरला नाहीं. आगबोटीनें बातमी जाण्यास जेथें दहा-बारा दिवस लागत, तेथें १६ तास म्हणजे चमत्कारच होता. परंतु हा चमत्कार महिनाभरहि टिकला नाहीं. तार हळूहळू बोबडी झाली आणि अखेर मुकी झाली. भागीदारांनीं उभे केलेले साडेतीन लक्ष पौंड समुद्रार्पण झाले.

वीज म्हणजे चपळाईची परिसीमा, अशी सर्वांची समजूत आहे. कळ दाबली कीं दिवा लागतो. मग शंभर शब्दांस १६ तास कां लागावे? आणि तार आणखी लांब असती तर काय झालें असतें? तारेनें संदेश किती दूर नेतां येतो, या प्रश्नाचें उत्तर या एका कहाणींत बरेंच सांपडतें.

तारेचा पहिला शत्रु म्हणजे तिचा स्वतःचा रोध. तांब्यासारखा उत्तम वाहक झाला तरी तो विजेस अगदीं मोकळी वाट देत नाहीं. कांहीं शक्ति उष्णतेच्या रूपानें वाटेंतच खर्ची पडते. तार दुप्पट लांब केली कीं रोध दुप्पट होतो. दुप्पट जाड केली, म्हणजे तिच्या छेदाचें क्षेत्रफळ दुप्पट केलें, कीं तो निम्मा होतो. एवढेंच असतें, तर अधिक जोरदार विद्युद्घट जोडून काम भागलें असतें.

परंतु दुसरा शत्रु अधिक लबाड आहे. खांबावरची तार हवेंत उंच असते, जमिनीपासून दूर असते. समुद्रांतील तारेची रचना निराळी. मध्यें तांबें, त्याभोंवतीं मलायाकडील झाडांच्या चिकापासून केलेल्या गटापर्चाचें वेष्टण, आणि त्याबाहेर लोखंडी तारांचें चिलखत व समुद्राचें खारें पाणी. दोन वाहकांमध्यें निरोधक पदार्थाचा थर आला कीं तेथें वीज सांठून राहते. शाळेच्या प्रयोगशाळेंत लेडनची बरणी असते, तिचें तत्त्व हेंच. समुद्री तार म्हणजे हजारों मैल लांबीची लेडनची बरणीच होय, ही गोष्ट फॅरडे यांनीं १८५४ सालीं स्पष्ट करून दाखविली.

मोटेचें पाणी ज्यानें मळ्यांत जातांना पाहिलें असेल, त्यास हें समजण्यास अडचण पडणार नाहीं. मोट थारोळ्यांत रिकामी होते, पाणी पाटाला लागतें. पण पाट कोरडा असेल तर पहिलें पाणी पाटच पितो. शेवटच्या वाफ्यापर्यंत जें पोहोंचतें तें उशिरां आणि हळूहळू वाढत. मोट थांबली तरी पाटांत राहिलेलें पाणी पुढें झिरपतच असतें. तारेंतहि नेमकें असेंच होतें. इकडे कळ दाबून क्षणांत सोडली, तरी तिकडे तो ठोका पसरट होऊन, लांबत जाऊन उमटतो. पहिला ठोका विरण्यापूर्वीं दुसरा पाठविला, तर दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि टिंब कोणतें, रेघ कोणती हें कळेनासें होतें. म्हणून तार-मास्तरास प्रत्येक खुणेनंतर थांबावें लागे. सोळा तासांचें रहस्य बऱ्याच अंशीं या थांबण्यांत होतें.

ग्लासगो येथील प्राध्यापक विल्यम टॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन या नांवानें विख्यात झाले, त्यांनीं १८५५ सालींच या गोष्टीचें गणित प्रसिद्ध केलें होतें. तार दुप्पट केली कीं रोध दुप्पट होतो, आणि वीज सांठविण्याची शक्तीहि दुप्पट होते. दोहोंचा गुणाकार चौपट. म्हणून विलंब लांबीच्या पटीनें वाढत नसून लांबीच्या वर्गानें वाढतो. दोनशें मैलांच्या तारेपेक्षां तशाच दोन हजार मैलांच्या तारेचा विलंब दहापट नव्हे, तर शंभरपट! यावर उपायहि त्यांनीं सांगितला होता: तांबें जाड घ्या, शुद्ध घ्या, आणि वेष्टणहि त्या मानानें जाड करा.

परंतु कंपनीचे विद्युत्तज्ज्ञ व्हाइटहाउस यांस हें मान्य नव्हतें. हे गृहस्थ मूळचे शस्त्रवैद्य. विजेचे प्रयोग स्वतःच्या हौसेनें केलेले. आपल्या प्रयोगांवरून हा वर्गाचा नियम खोटा ठरतो, असें त्यांनीं १८५६ सालीं जाहीरपणें मांडलें. जाड तार म्हणजे अधिक खर्च; त्यामुळें बारीक तारेचा पक्ष अनेकांस गोड वाटला असल्यास नवल नाहीं. टॉमसन संचालक मंडळावर आले, तोंवर तारेचें काम ठरून गेलें होतें.

तार बसविल्यावर संकेत क्षीण येऊं लागले. टॉमसन यांनीं त्यासाठीं एक नाजूक यंत्र सिद्ध केलें होतें. त्यांत एक चिमुकला आरसा लोहचुंबकाला चिकटवून टांगलेला असे. अत्यल्प प्रवाहानेंहि आरसा किंचित् वळे आणि त्यावरून परतलेला प्रकाशाचा कवडसा पट्टीवर सरके. व्हाइटहाउस यांची रीति याच्या उलट होती. आवाज ऐकूं येत नाहीं, तर आणखी मोठ्यानें ओरडा! त्यांनीं भल्या मोठ्या वेटोळ्यांच्या योगें सुमारें दोन हजार व्होल्टचा दाब तारेंत घातला. जेथें जेथें वेष्टण कमकुवत होतें, तेथें तेथें तें अधिकच खचलें. तार बनवितांना व हाताळतांना तींत दोष राहिले होतेच. सगळें खापर एकट्याच्या माथीं फोडणें न्यायाचें होणार नाहीं. पण दुबळ्या रोग्यास जालिम मात्रा द्यावी, तसें तें झालें खरें. शब्द जेथें एकमेकांत मिसळत आहेत, तेथें ओरडून कांहीं साधत नाहीं. सावकाश आणि सुटें बोलावें लागतें, आणि ऐकणाऱ्याचा कान तीक्ष्ण असावा लागतो.

या अपयशाची रीतसर चौकशी झाली आणि तिचा अहवाल १८६१ सालीं बाहेर पडला. त्याचें फळ १८६६ सालच्या तारेंत दिसलें. पूर्वीं सागरी मैलामागें १०७ पौंड तांबें होतें, तें आतां ३०० पौंड झालें. गटापर्चा २६१ पौंडांवरून ४०० वर गेलें. ही तार मिनिटास ६ ते ८ शब्द नेऊं लागली. ‘ग्रेट ईस्टर्न’ नांवाच्या ज्या प्रचंड जहाजानें ती बसविली, त्याच जहाजानें १८७० सालीं मुंबईपासून एडनपर्यंत तार टाकली, आणि मुंबई समुद्रमार्गें विलायतेशीं जोडली गेली. या मार्गावर ठिकठिकाणीं ठाणीं होतीं. तेथें आलेला संदेश पुन्हां नव्यानें पुढें पाठवीत. वर्गाच्या नियमास हें चोख उत्तर होतें. तारेचे दोन समान तुकडे केले, तर प्रत्येकाचा विलंब पाव, म्हणजे दोहोंचा मिळून निम्माच, आणि ठोके पाठविण्याचा वेग तर चौपट वाढवितां येतो.

तारेंतून मनुष्याचा आवाज जाऊं लागला, तेव्हां नवी अडचण आली. आवाजांत संथ आणि जलद अशीं अनेक कंपनें एकत्र असतात. तारेंत जलद कंपनें लवकर विरतात, म्हणून दूरचें बोलणें भांड्यांतून आल्यासारखें घुमें होतें. हेव्हिसाइड या इंग्रज गणितज्ञानें १८८७ सालीं यावर तोड दाखविली, आणि पुढें ठराविक अंतरावर तारेचीं वेटोळीं बसवून ती अमलांत आली.

तिसरा शत्रु म्हणजे गोंगाट. लग्नघरांत शेजाऱ्याचें बोलणें ऐकूं येतें, परंतु मांडवाच्या दुसऱ्या टोंकाचें येत नाहीं. बोलणारा हळू बोलतो म्हणून नव्हे, तर त्याचा क्षीण झालेला आवाज गलबल्याच्या खालीं जातो म्हणून. तारेंतहि कसली ना कसली खरखर नेहमींच असते. संकेत तिच्याखालीं गेला कीं तो गेलाच. म्हणून तो बुडण्यापूर्वींच वाटेंत त्यास बळ द्यावें लागतें. १९५६ सालीं अटलांटिकमध्यें टेलिफोनची पहिली तार सुरू झाली. जाण्यास एक व येण्यास एक अशा दोन तारा होत्या, आणि प्रत्येकींत ५१ प्रवर्धक समुद्राच्या तळाशीं बसविले होते. मात्र प्रवर्धक संदेशाबरोबर खरखरहि वाढवितो. अक्षर न समजतां पोथीची नक्कल करणारा डागहि उतरून घेतो. मजकूर जाणणारा डाग गाळून स्वच्छ प्रत काढतो. आजचे संदेश केवळ शून्य व एक या दोन खुणांचे असतात, म्हणून वाटेंतील यंत्रास दुसऱ्या प्रकारची नक्कल करतां येते.

तांब्याची जागा कांचेच्या तंतूनें घेतली, तीहि पल्ल्याच्याच गणितामुळें. चार्ल्स काव व जॉर्ज हॉकहॅम यांनीं १९६६ सालीं असें मांडलें कीं, एक किलोमीटर गेल्यावर प्रकाशाचा शंभरावा हिस्सा जरी उरला, तरी कांचेची तार उपयोगी पडेल. तेव्हांची कांच त्याहून फार मळकट होती. दोष कांचेचा नसून तींतील अशुद्ध कणांचा आहे, हें त्यांचें म्हणणें १९७० सालीं खरें ठरलें. आजच्या उत्तम तंतूंत तोच शंभरावा हिस्सा सुमारें शंभर किलोमीटरनंतर उरतो. तथापि जुना शत्रु येथेंहि आहेच. निरनिराळ्या रंगांचा प्रकाश कांचेंत निरनिराळ्या वेगानें चालतो, आणि ठोके पुन्हां पसरूं लागतात.

आज कित्येक घरांत व कचेऱ्यांत गणकयंत्रें जोडणारी बोटाएवढीहि जाड नसलेली तार दिसते. तींत आठ तारा असून त्यांच्या चार जोड्या पिळलेल्या असतात. बाहेरचा उपद्रव जोडीतील दोन्ही तारांस सारखाच व्हावा आणि परस्पर वजा व्हावा, तसेंच एका जोडीचें बोलणें दुसरीस ऐकूं जाऊं नये, म्हणून हा पीळ. अतिजलद कंपनांचा प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागींच दाटतो, त्यामुळें रोध वाढतो. शेजारच्या जोडीची कुजबूजहि वाढते. म्हणून या तारेस १०० मीटरची मर्यादा घातलेली आहे. त्यापुढें एखादेवेळीं काम चालतें, एखादेवेळीं अडतें. आणि ज्यास कारण ठाऊक नाहीं तो यंत्रास दोष देतो.

टॉमसन यांस १८६६ सालच्या यशाबद्दल सरदारकीचा किताब मिळाला. परंतु त्यांचा नियम अकरा वर्षें आधींच छापून तयार होता. तो वाचून तांबें तेव्हांच जाड घेतलें असतें, तर १८५८ सालच्या त्या पहिल्या तारेस निदान तग धरण्याची संधि मिळाली असती.