आधी पाणी पाळा, मग मासे

 

गच्चीवरच्या भाज्यांचे भाग झाल्यापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतोय. 'ताई, अंगणात छोटं तळं करायचंय, मासे सोडायचेत. कसं करू?' आज त्यावरच बोलूया. थोडं गणित आहे, त्यामुळे हा भाग सेव्ह करून ठेवा.

रीलमध्ये काय दिसतं? खड्डा, कागद, पाणी, मासे. तीस सेकंदांत तळं तयार. त्याच्या पुढचे पंधरा दिवस त्या रीलमध्ये नसतात, आणि नव्या तळ्यातले मासे मरतात ते बहुधा त्याच दिवसांत. दुकानदार म्हणतो, 'मासेच नाजूक होते.' घरचे म्हणतात, 'आपल्याला लाभत नाही.' खरं कारण वेगळं असतं. पाणी अजून तयार झालेलं नसतं. म्हणून आजचं सूत्र एकच, आधी पाणी पाळायला शिका. पाणी जगलं की मासे जगतात.

जागा आणि माप

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. मोठ्या झाडाखाली तळं नको, कारण पानं पडून कुजतात आणि मुळं कागद फाडतात. अंगणाच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात नको, कारण पावसाळ्यात चिखल, खत, सगळं वाहून आत येतं. आणि दिवसभर रणरणतं ऊनही नको. सकाळचं चार-पाच तास ऊन मिळावं आणि दुपारी सावली यावी, अशी जागा उत्तम. सावली नसेल तर एप्रिल-मेमध्ये वर हिरवी शेडनेट बांधा.

आता माप. सहा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट खोल धरू. गुणाकार केला की 48 घनफूट. एका घनफुटात साधारण 28 लिटर पाणी मावतं, म्हणजे आपलं तळं झालं साधारण साडेतेराशे लिटरचं. हा आकडा लिहून ठेवा. पंप, औषध, माशांची संख्या, सगळं यावरून ठरतं. दोन फुटांपेक्षा उथळ करू नका. उथळ पाणी दुपारी पटकन तापतं, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. 20 अंशाला लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशाला साडेसातच.

आत घालायला शेततळ्याला वापरतात तोच 500 मायक्रॉनचा कागद चालतो. तो किती घ्यायचा? लांबीत खोलीची दुप्पट मिळवा, वर कडेला दाबायला दोन फूट. म्हणजे 6 अधिक 4 अधिक 2, बारा फूट. रुंदीला तसंच, दहा फूट. खड्ड्यातले दगड, मुळं काढा, खाली जुनी पोती किंवा सतरंजी अंथरा, मग कागद टाका. काठ चारी बाजूंनी एका पातळीत आहे का, हे गवंडी वापरतात तशा पाण्याच्या नळीने तपासा. आणि काठ जमिनीपासून सहा इंच वर घ्या.

सिमेंटचा हौद बांधणार असाल तर एक सावधगिरी. नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि पाण्याचा पीएच बराच वर चढतो. हौद भरा, काही दिवस ठेवा, ओता, पुन्हा भरा. असं बऱ्याचदा करा आणि पीएच तपासूनच पुढे जा.

ते न दिसणारे सहा आठवडे

आता मुख्य मुद्दा. मासा शी-शू पाण्यातच करतो आणि गिलांमधूनही अमोनिया सोडतो. अमोनिया विषारी असतो. नदीत, जुन्या तळ्यात त्याची विल्हेवाट जिवाणू लावतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य, आणि वनस्पती ते खत म्हणून खातात.

कालच भरलेल्या तळ्यात हे जिवाणू नसल्यासारखेच असतात. त्यांची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पाणी स्वच्छ, काचेसारखं दिसतं, पण त्यात विष साठत जातं. वर पाणी जितकं गरम आणि पीएच जितका जास्त, तितका तोच अमोनिया जास्त घातक. आपल्याकडचा उन्हाळा आणि नवं सिमेंट एकत्र आलं की काय होतं, हे आता लक्षात येईल.

मग करायचं काय? पाणी भरा. नळाचं असेल तर त्यातलं क्लोरीन जाऊ द्या. उघड्यावर एक-दोन दिवस पंप चालू ठेवलात तरी बरंचसं जातं. घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात अँटिक्लोरीन मिळतं. झाडं लावा. मग माशांशिवाय रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका. ते कुजतं, अमोनिया होतो, जिवाणूंना जेवण मिळतं. कुणा मित्राचं जुनं, निरोगी मत्स्यालय असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा. दह्याला विरजण लावतो ना, तसंच.

थेंब टाकून रंग बघायचं टेस्ट किट घ्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट थोडं दिसायला लागलं, की पाणी तयार. तोपर्यंत डास अंडी घालतील, म्हणून वर जुनी मच्छरदाणी ताणून बांधा. डेंग्यूचा डास गरम हवेत अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडायला लागतो, त्यामुळे हे टाळू नका.

पंप, वीज आणि लहान मुलं

साडेतेराशे लिटरला ताशी हजार ते दीड हजार लिटर पाणी फिरवणारा पंप आणि साधा स्पंज किंवा बादलीचा फिल्टर पुरतो. 20 वॉटचा पंप चोवीस तास चालवला तर महिन्याला साधारण साडेचौदा युनिट. रात्री बंद करायचा मोह आवरा. झाडं रात्री ऑक्सिजन सोडत नाहीत, उलट घेतात. म्हणून पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. मासे सकाळी वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर ते भूक मागत नाहीयेत, त्यांचा श्वास कोंडतोय.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. नळाच्या क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात. बादलीत तळ्याचंच पाणी घ्या आणि त्यात पिळा.

आता या दोन गोष्टींवर तडजोड नाही. पंपाच्या लाइनला आरसीसीबी हवाच, 30 मिलिअँपिअरचा, आणि तो इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या. दुसरं, घरात किंवा शेजारी रांगतं-चालतं मूल असेल तर पाण्यावर लोखंडी जाळी बसवा. दोन फूट पाणी लहान बाळाला बुडवायला पुरेसं असतं, आणि ते बुडताना आवाजही होत नाही. खंड्या आणि बगळे यांच्यापासूनही तीच जाळी वाचवते.

मासे कोणते, किती

सुरुवातीला पाच-सहा गप्पी किंवा झेब्रा डॅनिओ. झेब्रा डॅनिओ आपल्या उपखंडातलाच मासा. महिनाभर सगळं नीट राहिलं तर पुढचे. गोल्डफिश हवे असतील तर एवढ्या पाण्यात पाच-सहा, बस. कोई मात्र नको. पिशवीत बोटाएवढा दिसणारा कोई दोन फुटांपर्यंत वाढतो, त्याला आपलं तळं म्हणजे बालदी.

आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. मग थोडं थोडं तळ्यातलं पाणी पिशवीत घाला. शेवटी मासे जाळीने उचलून सोडा, दुकानातलं पाणी तळ्यात ओतू नका. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. शेजारच्या झाडांवर कीटकनाशक मारताना तळं झाका. डासांसाठी धूर फवारणी होते त्या दिवशीही झाका. पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना फार घातक असतात.

डासांचं विचाराल तर पावसाळ्यात आमच्याकडे पाणी तपासायला आरोग्य विभागाच्या ताई येतात. तळं बघून त्या आधी म्हणाल्या, 'ताई, हे ओतून टाका.' मी म्हटलं, 'आधी बघून तर घ्या.' त्यांनी पांढऱ्या वाडग्यात चार-पाच वेळा पाणी घेतलं. एकही अळी नाही. गप्पींनी सगळ्या फस्त केल्या होत्या. शेजारच्या काकूंच्या कुंडीखालच्या बशीत मात्र अळ्या वळवळत होत्या. मासे असलेल्या तळ्यापेक्षा विसरलेली बशी जास्त धोकादायक.

आणि एक विनंती

माशांची पिल्लं होतील. गप्पींची तर भरमसाट. कंटाळा येईल, घर बदलेल. तेव्हा 'नदीत सोडून देऊ, पुण्य लागेल' असं कुणीतरी म्हणेलच. कृपा करून सोडू नका. डासांसाठी म्हणून जगभर सोडलेला गॅम्बुसिया मासा आज जगातल्या सगळ्यात वाईट शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. आपली जलपर्णीही त्याच यादीत आहे. शोभेची वनस्पती म्हणून आणलेली ती आता आपल्या नद्यांवर हिरवा गालिचा घालून बसते. मत्स्यालयातला सकर मासा मच्छीमारांच्या जाळ्यात अडकतो आणि काट्यांनी जाळी फाडतो. आपल्या ओढ्यांतले देशी मासे या पाहुण्यांशी झगडतात, आणि बऱ्याचदा हरतात.

म्हणून जास्तीचे मासे दुकानदाराला परत द्या, मित्रांना द्या. आणि तळ्याला पहिल्या दिवसापासून ओव्हरफ्लोचा पाइप ठेवा, तोंडाला बारीक जाळी लावून. आपल्याकडे जुलैचा एक मोठा पाऊस तळं भरून वाहवायला पुरतो, आणि वाहत्या पाण्याबरोबर मासे थेट ओढ्यात जातात.

तर मंडळी, खड्डा एका रविवारी होईल. पाणी तयार व्हायला सहा आठवडे द्या. त्या काळात रोज संध्याकाळी पाच मिनिटं काठाशी बसा. शेवाळ कुठे धरतंय, चतुर कधी यायला लागले, बेडूक कुठल्या कोपऱ्यात बसतो, हे बघा. मासे यायच्या आधीच तळं कसं वागतं ते तुम्हाला कळलेलं असेल, आणि मग बिघाडही लवकर ओळखाल.

टेस्ट किटचे आकडे समजले नाहीत तर फोटो पाठवा, पुढच्या भागात त्यातले काही घेऊ. पाणवनस्पतींवर वेगळा भाग करायचाय, त्यासाठीही प्रश्न पाठवा. चला, भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!