कुजणारे वेष्टन, पण कोणत्या खड्ड्यात?



गेल्या उन्हाळ्यात मी गावी गेलो, तेव्हा आमच्या थोरल्या बंधूंनी उकिरडा उपसायला काढला होता. खताच्या पाटीत एक हिरवी पिशवी वर आली. तिच्यावर पानाचे चित्र होते, आणि ‘ही पिशवी मातीत मिसळते’ असे छापलेले होते. वर्षापूर्वी शहरातल्या एका दुकानातून मीच तीत मिठाई नेली होती. ‘टाका उकिरड्यात, खत होईल,’ असे मीच मोठ्या ऐटीत सांगितले होते. वर्ष उलटले तरी अक्षरे वाचता येत होती! दादांनी पिशवी झटकली, माझ्या हाती दिली आणि म्हणाले, “घ्या प्रोफेसर, तुमचं खत!”

आता खोटे कोण बोलले, पिशवी की मी? मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस, रसायनशास्त्र माझा विषय नव्हे. पण ही गोष्ट मनाला लागली. सहकाऱ्यांना विचारून, नियम वाचून जे उमगले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आपल्याला वेष्टन फेकण्याची सवय जुनी आहे, आणि पूर्वी ती वाईटही नव्हती. पळसाची पत्रावळ, केळीचे पान, मिठाचा कागदी पुडा, यांतले काहीही परसात टाकले तरी शेळीने खाल्ले नाही तर पावसाने कुजवले. पुढे पान गेले, प्लॅस्टिक आले. फेकण्याची सवय मात्र तशीच राहिली. मग गटारे तुंबली, गुरांच्या पोटात गोळे निघू लागले. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकवर बंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून टाकायच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. साहजिकच माल विकणाऱ्या कंपन्या पर्याय शोधू लागल्या, आणि ‘कंपोस्टेबल’ म्हणजे खत होऊ शकणारे वेष्टन बाजारात दिसू लागले.

ते होते कसे? मक्याचे पिष्ट किंवा उसाची साखर घेऊन ती जिवाणूंकडून आंबवतात. त्यातून लॅक्टिक आम्ल मिळते. आपल्या दह्याला आंबटपणा देणारे आम्ल ते हेच. त्याचे कण साखळीसारखे एकमेकांना जोडले की पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे ‘पीएलए’, तयार होते. येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. वनस्पतीपासून केलेली वस्तू कुजतेच असे नाही. उसापासून केलेले पॉलिथिन हे अखेर पॉलिथिनच; ते कुजत नाही. उलट खनिज तेलापासून केलेली काही द्रव्ये कुजतात. तेव्हा वस्तू कशापासून झाली यापेक्षा तिचा शेवट कसा होतो, ते विचारावे.

या शेवटाची परीक्षा भारतीय मानक १७०८८ मध्ये सांगितली आहे. ठराविक उष्णतेच्या, ओलाव्याच्या आणि हवेच्या ढिगात, १८० दिवसांच्या आत, वस्तूतील ९० टक्के कार्बन जिवाणूंनी पचवला पाहिजे. शिवाय १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर दहाव्या हिश्शाहून अधिक तुकडे उरता कामा नयेत. परीक्षा कडक आहे खरी. पण त्या ढिगाची उष्णता असते सुमारे ५८ अंश! कच्चा हरभरा पचत नाही, आधी शिजवावा लागतो, पीएलएचेही तसेच. उष्णता आणि ओल मिळून त्याची लांब साखळी तोडतात, मगच जिवाणूंना ते खाता येते. आमचा उकिरडा वरून कोरडा, कधी न उलथलेला. तेथे पिशवी शिजणार कशी? ती कदाचित खरी असेल, कदाचित नुसती चित्राची असेल. दोन्ही प्रकारांत खड्डा मात्र चुकीचाच होता.

नीट ढीग कसा लावावा, हे आपल्याला नवे नाही. इंदूर येथे आल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची पद्धत बसवली, आणि यशवंत वाड यांच्यासह १९३१ साली त्यावर पुस्तक लिहिले. काडीकचरा आणि शेण यांचे थर द्यावे, ओल राखावी, ढीग वेळोवेळी उलथावा, ही ती रीत. असा ढीग चांगला तापतो. तरीही आठवडेच्या आठवडे तीच उष्णता टिकवणे घरच्या ढिगाला अवघड जाते. त्यासाठी मोठा, देखरेखीखालचा प्रकल्प लागतो, आणि आपल्या बहुतेक गावांत तो नाही.

मग कंपन्यांनी काय करावे? प्रथम, जागा पाहून वस्तू निवडावी. अमेरिकेत २०१० साली सनचिप्स नावाच्या खाद्यपदार्थाला पीएलएची पिशवी दिली. ती इतकी कडकड वाजे, की गिऱ्हाइके वैतागली, आणि त्याच वर्षी बहुतेक पाकिटांतून ती काढून घ्यावी लागली. बिस्किटाला दमट हवेपासून जपायचे, तर पीएलए तेथे कमी पडते. पण उसाच्या चिपाडाच्या लगद्याची ताटे, ओल्या कचऱ्याच्या पिशव्या, अशा उष्ट्याखरकट्याबरोबर खतात जाणाऱ्या वस्तूंना हा पर्याय शोभतो.

दुसरी गोष्ट माझ्या विषयातली. वेष्टनाचा फायदा एकाला आणि कचऱ्याचा खर्च दुसऱ्याला, हा हिशेब अन्यायाचा आहे. हिरवे पान छापून माल खपतो कंपनीचा, आणि चिंध्या वेचतो शेतकरी. २०२२ च्या नियमांनी वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. तेव्हा ‘खत होते’ असे छापणाऱ्याने ‘कोठे होते’ हेही छापावे, आणि तेथवर ते पोचवण्याची सोयही करावी.

आपणही डोळे उघडे ठेवू या. कंपोस्टेबल पिशवीवर उत्पादकाचे नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक असावा लागतो. तो नसेल तर दुकानदाराला विचारा. अशी पिशवी भंगारवाल्याच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळू नका. त्याचा चांगला माल बिघडतो.

आणि गुरुजनहो, आपल्याला एक विनंती. कांद्याच्या जाळीदार पिशव्या घ्या. एकीत केळीचे पान, दुसरीत कंपोस्टेबल पिशवीचा तुकडा, तिसरीत साध्या प्लॅस्टिकचा. असाच एक संच शाळेच्या खतखड्ड्यात आणि एक साध्या मातीत पुरा. दर महिन्याला मुलांकडून उकरून पाहा आणि वहीत नोंद ठेवा. जाहिरात वाचावी कशी, हे मुलांना त्या वहीतून कळेल.

दादांनी दिलेली ती पिशवी माझ्या टेबलाच्या खणात आहे. दर वर्षी ती वर्गात दाखवायची, असे ठरवले आहे. ज्या वर्षी ती विरून जाईल, त्या वर्षी दादांना तसे कळवीन.