जपानी गाणीं आणि त्यांचीं आद्याक्षरें

गाणें आठवावयाचें तर कांहीं तरी सूत्र हातीं असावें लागतें. कोणी तें गायकाच्या नांवावरून आठवतो, कोणी चालीवरून, तर कोणी तें प्रथम ज्या प्रसंगीं ऐकलें त्या प्रसंगावरून. जपानी लोकांनीं या सूत्रांत आणखी एकाची भर घातली आहे. तें म्हणजे गाण्याच्या नांवाचा पहिला ध्वनि. गाणें 'सा' चें कीं 'रा' चें हें ठरलें कीं तें सांपडलें. हा वरवर क्षुल्लक दिसणारा प्रकार त्या देशाच्या कोशांत, खेळांत व करमणुकीच्या ठिकाणीं इतका भिनला आहे कीं, त्याचा थोडा विचार करणें उद्बोधक होईल. आणि त्यांत मराठी श्रोत्यांस आपल्या घरची एक खूणही आढळेल.

जपानी वर्णक्रमास 'गोजूओन', म्हणजे 'पन्नास ध्वनि', असें म्हणतात. त्याचा आरंभ अ, इ, उ, ए, ओ या पांच स्वरांनीं होतो आणि पुढें क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी येतात. आपल्याकडील शाळकरी मुलासही हा क्रम ओळखीचा वाटेल. कारण तो बौद्ध भिक्षूंनीं केलेल्या संस्कृत वर्णांच्या अभ्यासांतून घडला आहे. इ. स. ८०६ मध्यें कूकाइ हा भिक्षु चीनमधून परतला, तेव्हां त्यानें 'सिद्धम्' लिपींतील ग्रंथ बरोबर आणले, आणि पुढें हा अभ्यास जपानी मठांत रुजला. 'क' च्या मागून 'च' न येतां 'स' कां येतो, आणि 'प' च्या जागीं 'ह' कां बसला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें देतात कीं, प्राचीन जपानी उच्चारांत 'स' हा 'च' च्या जवळचा होता आणि आजचा 'ह' त्या काळीं 'प' होता. उच्चार बदलले, पण त्यांच्या जागा बदलल्या नाहींत.

सामान्य व्यवहारांत मात्र शतकानुशतकें 'इरोहा' नांवाचा निराळाच क्रम चालत असे. एका जुन्या पद्यांत प्रत्येक अक्षर एकदांच येतें. त्या पद्याचा हा क्रम होय. ओत्सुकि फुमिहिको यांनीं आपला 'गेन्काइ' हा कोश १८८९ ते १८९१ या काळांत प्रसिद्ध केला, तेव्हां त्यांनीं पन्नास ध्वनींचा क्रम पत्करला. करमणुकीच्या ठिकाणीं जोड्यांच्या बिल्ल्यांना असा क्रम कोठें असतो, अशी नापसंती थोर शिक्षणवेत्ते फुकुझावा युकिचि यांनीं त्यावर दाखविल्याची आख्यायिका आहे. पण अखेर जय कोशाच्याच क्रमाचा झाला, आणि पुढें तो करमणुकीच्या ठिकाणींही जाऊन बसला.

ध्वनीवरून पद्य ओळखण्याची हौस तेथें फार जुनी आहे. तेराव्या शतकांत फुजिवारा नो तेइका यांनीं शंभर कवींचें प्रत्येकीं एक पद्य घेऊन संग्रह केला. त्यावरून पत्त्यांचा 'कारुता' हा खेळ निघाला. वाचणारा पद्याचा आरंभ म्हणतो, आणि समोरासमोर बसलेले दोघे खेळाडू त्याच पद्याचा उत्तरार्ध लिहिलेल्या पत्त्यावर झेप घेतात. शंभरांपैकीं सात पद्यें अशीं आहेत कीं, त्यांचें पहिलें अक्षरच पुरेसें होतें. मु, सु, मे, फु, सा, हो, से हीं तीं अक्षरें. त्यांनीं सुरू होणारें दुसरें पद्य संग्रहांत नाहीं. उलट 'अ' चीं पद्यें सोळा आहेत. तेथें एका अक्षरावर हात टाकणारा फसतो. सहा पद्यें तर अशीं आहेत कीं, सहावें अक्षर कानीं पडेपर्यंत धीर धरावा लागतो. १९०४ मध्यें कुरोइवा रुइको या पत्रकारानें या खेळाचे नियम एकसारखे केले. आजही दर जानेवारींत ओत्सु येथील ओमी देवालयांत त्याचे अजिंक्यपदाचे सामने होतात.

दुसरा खेळ 'शिरितोरि' हा. 'मागचें टोंक पकडणें' असा त्याचा अर्थ. एकानें शब्द सांगावा, दुसऱ्यानें त्याच्या शेवटच्या अक्षरानें सुरू होणारा शब्द सांगावा. आपल्या भेंड्यांचा हा सख्खा भाऊच! फरक इतकाच कीं, भेंड्यांत गाणें म्हणावें लागतें, येथें नुसता शब्द पुरतो. मात्र 'न्' नें संपणारा शब्द सांगणारा हरतो. कारण त्या व्यंजनानें जपानी शब्द सुरू होत नाहीं. गाण्यांच्या नांवांचीही अशी सांखळी गुंफतां येते. 'साकुरा' म्हणजे चेरीचा फुलोरा. त्यांतील 'रा' वरून १९९१ चें 'राबु सुतोरी वा तोत्सुझेन नि', त्यांतील 'नि' वरून २०२० चें 'निजि' म्हणजे इंद्रधनुष्य, 'जि' वरून १९७५ चें 'जिदाइ' म्हणजे युग, 'इ' वरून १९७९ चें 'इतोशि नो एरी', आणि 'री' वरून १९४६ चें 'रिंगो नो उता' म्हणजे सफरचंदाचें गाणें. पांच दुव्यांत पाऊणशे वर्षें ओलांडलीं जातात. पण 'रे' मागितला असतां कोणी २०१८ सालचें योनेझु केन्शि यांचें 'रेमोन' हें लोकप्रिय गाणें सांगितलें, तर शेवटच्या 'न्' मुळें डाव तेथेंच बुडतो.

या खेळांत 'र' ची ओळ सर्वांत कठीण समजतात, आणि त्यामागें भाषेचा इतिहास आहे. अस्सल जुने जपानी शब्द 'र' नें सुरू होत नसत. त्या ओळींत जें आहे तें बहुधा समुद्रापलीकडून आलेलें. 'रिंगो' हा शब्द मुळांत चिनी, 'रेमोन' आणि 'राबु' हे पाश्चात्य. गाण्यांचीं नांवें ध्वनीप्रमाणें मांडलीं कीं, त्या भाषेंत कोण पाहुणा केव्हां आला, हें असें आपोआप उघड होतें.

आतां ज्या करमणुकीनें हा क्रम घरोघर नेला, तिच्याकडे वळूं. 'काराओके' या शब्दांत 'कारा' म्हणजे रिकामा, आणि 'ओके' हें 'ऑर्केस्ट्रा' चें संक्षिप्त रूप. म्हणजे साथ आहे, पण गायकाची जागा मोकळी आहे. तोक्योचे नेगिशि शिगेइचि यांनीं १९६७ मध्यें असें एक यंत्र केलें होतें. १९७१ मध्यें कोबे येथील वादक इनोउए दाइसुके यांनीं, नेगिशींच्या यंत्राची वार्ता नसतां, स्वतंत्रपणें दुसरें केलें. इनोउए यांना स्वरलिपि वाचतां येत नसे; ते कानानें ऐकून साथ करीत. गाण्याची हौस असलेल्या एका गिऱ्हाइकासाठीं त्यांनीं साथ फितीवर भरून दिली, आणि त्यांतून नाणें टाकून चालणारीं अकरा यंत्रें तयार झालीं. त्यांनीं या शोधाचा एकस्वहक्क घेतला नाहीं.

गाणीं वाढलीं तशा त्यांच्या सूची जाडजूड झाल्या. एक सूची गायकांची, दुसरी गाण्यांच्या नांवांची. दोन्ही पन्नास ध्वनींच्या क्रमानें, आणि प्रत्येक गाण्यापुढें त्याचा अंक. या मांडणीचें खरें मोल जपानी लिपींत आहे. तेथें एकच शब्द अनेक प्रकारें लिहितां येतो. 'साकुरा' नांवाचीं गाणींच पाहावीं: मोरियामा नाओतारो यांचें २००३ चें सोप्या अक्षरलिपींत, कोबुकुरो या जोडीचें २००५ चें चिनी चित्राक्षरांत, इकिमोनोगाकारि या मंडळीचें २००६ चें रोमन लिपींत. डोळ्यांना तीं परकीं, कानांना सख्खीं! ध्वनीच्या क्रमांत तीं शेजारीं शेजारीं येतात. म्हणून ज्यानें गाणें केवळ ऐकलें आहे, ज्याला त्याचें चित्राक्षर लिहितां येत नाहीं, त्यालाही तें सांपडतें. गाण्यावरील ऐकणाऱ्याचा हक्क या यादीनें मान्य केला आहे.

हा हक्क किती नाजूक आहे, तें एका उदाहरणानें कळेल. साकामोतो क्यू यांनीं १९६१ मध्यें गायिलेलें 'उए ओ मुइते आरुको' हें 'उ' चें गाणें. नांवाचा अर्थ 'वर पाहत चालूं या'. डोळ्यांतलें पाणी खालीं पडूं नये म्हणून. १९६३ मध्यें तें अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेलें. पण तेथें त्याचें नांव झालें होतें 'सुकियाकि'. सुकियाकि हा मांसाचा एक खाद्यपदार्थ; गाण्याशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. ज्यानें तें गाणें 'सु' मध्यें शोधलें, त्याला सूर मिळाला. पण अश्रु आवरणारा तो पथिक मिळाला नाहीं.

१९९२ पासून दूरध्वनीच्या तारेवरून गाणीं पुरविण्याची सोय झाली आणि पुढें जाड सूचीची जागा स्पर्शानें चालणाऱ्या पाटीनें घेतली. तींतही ध्वनीवरून शोध घेतां येतो. परंतु यंत्र जें मागावें तेंच देतें, आणि पुस्तकाचें पान शेजारीही दाखवितें. युद्धानंतरच्या उद्ध्वस्त शहरांत लोकांना धीर देणारें 'रिंगो नो उता' आणि १९८७ मध्यें 'ब्लू हार्ट्स' या तरुणांच्या वाद्यवृंदानें गाजविलेलें 'रिंदा रिंदा' हीं क्रमानें जवळजवळ लागून येतात. आजोबांचें गाणें शोधतांना नातवाचें दिसावें आणि नातवाचें शोधतांना आजोबांचें, ही सोय कोणी मुद्दाम केली नव्हती. ती अक्षरांनीं केली.

भेंड्यांच्या खेळांत हीच सोय आपल्याही घरीं आहे. ज्या घरांत आजीची ओवी आणि नातीचें चित्रपटगीत एकाच अक्षरावर भेटतात, त्या घरानें एक वही करून तीं अक्षरवार लिहून ठेवावीं. खेळणारीं माणसें नेहमीं एकत्र असतीलच असें नाहीं. आणि आजीला आठवणारी ओवी बहुधा दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.