स्थिर ढीग, वाहते दाणे



शुक्रवार पेठेतील कोणत्याही स्वयंपाकघरात करता येईल असा हा प्रयोग आहे. पालथ्या वाटीवर ज्वारीचा एकेक दाणा सोडत राहावा. प्रारंभी ढीग वाढतो. पुढे मात्र सरासरीने जितके दाणे पडतात तितकेच काठावरून ओघळतात. कधी एखादाच, कधी एकदम अर्धी बाजू ढासळते. आकार तोच, दाणे सतत बदलते. पदार्थविज्ञान हिला समतोलापासून दूर असलेली स्थिर अवस्था म्हणते.

झाकून ठेवलेल्या तांब्यातील पाणी खोलीइतके गार झाले की तेही स्थिर होते. परंतु तेथे कसलाही ओघ नसतो. हा खरा समतोल. त्यासाठी बोल्ट्झमन आणि गिब्स यांचा नियम आहे: ऊर्जा व तापमान ठाऊक असेल तर कणांची कोणती रचना किती संभवनीय, हे सांगता येते. ओघ चालू असलेल्या ढिगासाठी असा सर्वव्यापी नियम आजही उपलब्ध नाही.

म्हणूनच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीपक धर यांनी १९९० मध्ये केलेल्या कार्याचे मोल मोठे. बाक, तांग आणि वीझेनफेल्ड यांनी १९८७ मध्ये वाळूच्या ढिगाचे गणिती प्रतिरूप मांडले होते: पटावरील एका घरात चार कण साचले की शेजारच्या चार घरांत एकेक जातो. धर यांनी सिद्ध केले की घरे कोणत्याही क्रमाने ढासळली तरी अंतिम रचना एकच येते. आणि दीर्घकाळानंतर ज्या रचना पुन्हा पुन्हा येऊ शकतात, त्या सर्व समसंभाव्य असतात. २०२२ चे बोल्ट्झमन पदक त्यांना जॉन हॉपफिल्ड यांच्यासह मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. खरे दाणे मात्र इतके आज्ञाधारक नसतात. ऑस्लो येथील १९९६ च्या प्रयोगात लांबट तांदूळ सिद्धान्ताप्रमाणे वागला, गोलसर तांदूळ वागला नाही. तेव्हा ज्वारीविषयी फार खात्री बाळगू नये!

तत्त्वार्थसूत्राच्या अभ्यासकास येथे उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य आठवणे स्वाभाविक आहे. तथापि उमास्वामींनी हे गणित पूर्वीच सांगून ठेवले होते असे म्हणणे ना शास्त्राला शोभते, ना विज्ञानाला. सूत्र सत्‌चे लक्षण सांगते. ते संभाव्यता मोजत नाही. दृष्टान्त म्हणून ढीग उपयोगी पडतो तो कर्मविचारात. उदयाला आलेले कर्म फळ देऊन झडते, आस्रवाने नवे येते, आणि संचय तसाच दिसतो. त्या स्थिरतेला शांती समजण्याची चूक सहज होते. दाणे सोडणारा हात थांबणे हा संवर. परंतु हात थांबला तरी वाटीवर ढीग उरतोच. तो उपसण्याचे काम निराळे, ते निर्जरेचे.