मेणबत्तीची वात
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मेणबत्ती म्हणजे मेण, असे मी समजत होते. आपल्या पहिल्या खेपेच्या दोन डझन मेणबत्त्या परत आल्या, तेव्हा डोळे उघडले. मेण चांगले होते; वात मात्र सैल आणि एका अंगाला कललेली. मेण ओघळून वाया गेले. ज्या भगिनींना त्या पैशांतून मुलांची फी भरायची होती, त्यांना तोंड दाखवणे मला जड गेले.

आता मी सुती दोऱ्याच्या तीन पदरांची घट्ट वेणी घालते. जाड वात धूर करते, बारीक वात वितळल्या मेणात बुडून विझते. म्हणून आधी एक मेणबत्ती जाळून पाहते. वात पातळ मेणात भिजवून, ताणून सुकू देते. खालचे टोक पत्र्याच्या चकतीत पक्के दाबते, वरचे साच्यावर आडव्या ठेवलेल्या काडीला मधोमध बांधते. मेण मात्र गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवूनच वितळवावे. थेट विस्तवावर ते पेट घेते.

वेणीची वात १८२५ साली फ्रान्समध्ये कांबासेरे यांनी काढली. तिचे टोक ज्योतीत वाकून जळून जाते, वरचेवर कातरावे लागत नाही.

दिवाळीची मागणी आली आहे. मेण ओतण्यापूर्वी प्रत्येकीने आपली वात एकदा ओढून पाहावी, एवढेच मागणे.