लिलावाची वही



सॉफ्टवेअर लिहिणारी मी लिलावाला वही-पेन्सिल नेते, यावर काल जेवताना तुम्ही सगळे हसलात. म्हणून सांगते.

अमेरिकेत आमच्या ऑफिसात फँटसी बेसबॉल खेळतात. १९८० साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट आणि मित्रमंडळींनी सुरू केलेला प्रकार. खऱ्या खेळाडूंचा लुटुपुटीचा लिलाव. प्रत्येकाने २६० डॉलरमध्ये २३ खेळाडू घ्यायचे. मग हंगामभर त्यांच्या कामगिरीवर आपले गुण.

पहिल्या वर्षी मी लॅपटॉप नेला, त्यात माझाच प्रोग्राम. एक नोंद टाइप करेपर्यंत पुढची बोली संपलेली. माझ्याच दोन खरेदी नोंदवायच्या राहिल्या आणि पडद्यावर नसलेले पैसे दिसत राहिले. शेवटी ७ जागा आणि ७ डॉलर. एकेका डॉलरला जे उरले ते पदरात!

किमती मी अजूनही घरी कॉम्प्युटरवरच काढते. शेकडो खेळाडूंचे गणित हाताने कोण करणार? पण टेबलावर चौकटीची वही. एकाच पानावर सगळ्यांचे उरलेले पैसे, रिकाम्या जागा. समोरच्याकडे १९ डॉलर आणि ५ जागा असतील तर तो १५ च्या वर जाऊच शकत नाही. उरलेल्या ४ जागांना एकेक डॉलर राखावाच लागतो. मी १६ म्हणते आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघते. लॅपटॉप होता तेव्हा चेहरे बघायला सवडच नव्हती.

वहीत खाडाखोड होते. एकदा वजाबाकीही चुकली. गणिताच्या बाई समोरच बसल्यात, म्हणून कितीने ते सांगत नाही.