उडालेला फ्यूज आणि पडलेला ब्रेकर



मोटारीची बॅटरी बारा व्होल्टची असते. तिच्या दोन्ही टोकांना कोरड्या हातांनी स्पर्श केला तरी झटका बसत नाही, त्यामुळे गाडीतल्या विजेचं फारसं भय कुणाला वाटत नाही. पण हीच बॅटरी सेल्फ मारताना शंभर-दीडशे अँपिअर सहज देते आणि तिची दोन टोकं थेट जोडली गेली तर प्रवाह हजार अँपिअरच्या घरात जातो. लोखंडी पाना चुकून दोन्ही टोकांवर आडवा पडला तर ठिणग्या उडतात, पाना तापून लाल होतो, कधी तिथेच चिकटून बसतो. म्हणून जाणता मेकॅनिक बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह टोक काढतो आणि हातातलं कडं, अंगठी काढून ठेवतो.

एवढी ताकद बॉनेटखाली आहे आणि तिथून निघालेल्या वायरी डॅशबोर्डच्या मागून, दारांच्या बिजागऱ्यांतून, गालिच्याखालून थेट डिकीपर्यंत गेलेल्या आहेत. त्यांतली एखादी पत्र्याच्या धारेवर घासते, एखादी पावसाळ्यात उबेला आलेला उंदीर कुरतडतो. मग उघडी पडलेली तांब्याची तार बॉडीला टेकते आणि शॉर्ट होतो. अशा वेळी प्रवाह तोडायला दोन साधनं आहेत: फ्यूज आणि सर्किट ब्रेकर. कुठल्या जागी कोणतं असावं, हा आजच्या भाषणाचा विषय.

फ्यूज ही मुद्दाम ठेवलेली कमजोर जागा आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह गेला की त्याच्यातली पट्टी वितळते आणि सर्किट तुटतं, ते नवा फ्यूज घालेपर्यंत तुटलेलंच राहतं. सर्किट ब्रेकरमध्ये दोन वेगवेगळ्या धातूंची एकावर एक चिकटवलेली पट्टी असते. उष्णतेने दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे पट्टी वाकते आणि संपर्क सुटतो. ती थंड झाली की पुन्हा सरळ होते. म्हणजे फ्यूज एकदा उडाला की संपला, ब्रेकर पडला तरी पुन्हा उभा राहतो. पहिल्याच नजरेत ब्रेकर सरस वाटतो आणि अनेक वाहनमालक इथेच निर्णय घेऊन मोकळे होतात. निवड मात्र इतकी सोपी नाही.

सगळ्यात आधी एक समजूत बाजूला ठेवावी लागते. फ्यूज रेडिओसाठी, हॉर्नसाठी किंवा दिव्यासाठी बसवलेला असतो, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर तो वायरीसाठी असतो. हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, मागच्या दिव्याला एक चौरस मिलिमीटर छेदाची, पाच मीटर लांब वायर गेली आहे आणि तिला दहा अँपिअरचा फ्यूज आहे. मोटारीतले पट्टीचे फ्यूज कसे वागावेत याची मानकं ठरलेली आहेत. दहाचा फ्यूज अकरा अँपिअरवर किमान शंभर तास टिकला पाहिजे. वीस अँपिअर झाले तर तो पाच सेकंदांत उडाला पाहिजे आणि साठ अँपिअरला सेकंदाच्या दहाव्या भागात. ही वायर दिव्यापाशी बॉडीला टेकली, तर हिशेबाने शंभराच्या वर अँपिअर वाहतील आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत फ्यूज उडेल. आता कुणीतरी तिथे हिरवा, तीस अँपिअरचा फ्यूज घातला आहे असं धरा. पूर्ण शॉर्ट झाला तर तोही अर्ध्या सेकंदात उडेल. म्हणून घालणाऱ्याला वाटतं, चाललंय की.

धोका अर्ध्यामुर्ध्या शॉर्टचा असतो. ओल्या चिखलातून, गंजातून किंवा तारेच्या दोन-चार तुसांतून प्रवाह गळत राहतो आणि वायरीतून पंचवीस अँपिअर वाहू लागतात. दहाचा फ्यूज काही सेकंदांत उडतो. तिसाच्या फ्यूजला मात्र काहीच जाणवत नाही. पंचवीस म्हणजे त्याच्या मर्यादेच्या आतच. तिकडे एक चौरस मिलिमीटरची वायर तापत जाते, तिच्यावरचं पीव्हीसीचं आवरण मऊ पडतं, शेजारच्या वायरींना चिकटतं आणि सगळा जुडगाच पेटायला तयार होतो. फ्यूज शाबूत आणि वायरिंग जळालेलं, अशी गाडी गॅरेजमध्ये येते ती अशीच. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणं किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणं हा याच चुकीचा टोकाचा प्रकार आहे. ब्रेकर निवडतानाही नियम तोच. त्याचा आकडा वायरीला झेपेल तेवढाच हवा, त्याहून मोठा कधीच नको.

हे आकडे ओळखणं आता सोपं झालं आहे. अमेरिकेतल्या लिटलफ्यूज कंपनीने 1976 मध्ये दोन पात्यांचा प्लास्टिकचा फ्यूज आणला आणि तो जगभर रुळला. पाचचा बदामी, साडेसातचा तपकिरी, दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, पंचविसाचा पारदर्शक, तिसाचा हिरवा. भाषा येत नसली तरी रंग बघून फ्यूज बदलता येतो. त्याआधी काचेच्या नळीचे फ्यूज असत. युरोपीय गाड्यांत चिनीमातीच्या कांडीवर उघडी धातूची पट्टी असे. तिची टोकं गंजत, संपर्क सैल होई आणि काही दोष नसतानाही दिवे मिणमिणत.

आता ब्रेकरकडे वळू. अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने जे-553 या मानकात मोटारीच्या ब्रेकरचे तीन प्रकार केले आहेत. पहिला प्रकार आपोआप जोडला जाणारा: पडतो, थंड होतो, पुन्हा जोडतो आणि दोष कायम असेल तर पुन्हा पडतो. दुसऱ्या प्रकारात आत एक लहानसा हीटर असतो. सर्किटला वीज मिळत असेपर्यंत तो पट्टीला गरम ठेवतो, म्हणून ब्रेकर पडलेलाच राहतो. चावी बंद केली की मग तो जोडला जातो. तिसरा प्रकार हाताने बटण दाबून जोडायचा.

यातला पहिला प्रकार हेडलाइटसाठी फार वर्षं वापरला गेला. जुन्या अमेरिकी मोटारींपैकी अनेकींत हेडलाइटच्या स्विचमध्येच असा ब्रेकर बसवलेला असे. त्यामागचा विचार माणसाच्या जिवाचा होता. रात्री वरंध घाटासारख्या रस्त्यावर वळण घेताना फ्यूज उडून दोन्ही दिवे एकदम गेले, तर गाडी दरीत जाऊ शकते. त्यापेक्षा दिवे लागत-विझत राहिले तर चालकाला कडेला थांबायला वेळ मिळतो. आजच्या गाड्यांनी तोच प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडवला आहे. डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगवेगळा फ्यूज दिला की एक गेला तरी दुसरा जळत राहतो. जुन्या गाडीत जादा रिले बसवून हेडलाइटचं वायरिंग नव्याने करणाऱ्यांनी ही एक गोष्ट आवर्जून करावी. दोन्ही बाजूंना मिळून एकच फ्यूज ठेवू नये.

तर मग ब्रेकर हवा कुठे? जिथे जास्त प्रवाह जाण्याचं कारण वायरीतला दोष नसून काम करणारी मोटर अडकणं हे असतं, तिथे. पॉवर विंडोची काच वर टेकल्यावरही कुणी बटण दाबून धरलं, तर मोटर फिरायची थांबते आणि नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. बर्फाळ देशांत वायपर काचेला गोठून चिकटतो, आपल्याकडे ओल्या चिखलाने जड होतो. मालवाहू गाडीचं मागचं लिफ्टचं फळकूट, जीपपुढची विंच, सीट पुढेमागे करणारी मोटर, या सगळ्यांचं तेच. इथे बिघाड नसतो. अडथळा निघाला आणि पट्टी थंड झाली की काम पुन्हा सुरू व्हायला हवं. दर वेळी फ्यूज शोधत बसणं म्हणजे मालकाला मोठा फ्यूज घालायचा मोह देणंच आहे. अशा जागी ब्रेकर योग्य.

उलट, पेट्रोलचा पंप, इंजिनाचा कॉम्प्युटर, दिवे, रेडिओ, मोबाइल चार्ज करायचं सॉकेट या सर्किटांतून जास्त प्रवाह गेला तर कुठेतरी खरोखर काही बिघडलं आहे. तिथे आपोआप जोडला जाणारा ब्रेकर तोच शॉर्ट पुन्हा पुन्हा पेटवत राहील. प्रत्येक फेरीत वायर थोडी आणखी तापेल, आणि गाडी रात्रभर उभी असेल तर ते बघायला जवळ कुणी नसेल. फ्यूज मात्र उडतो आणि माणसाला थांबून कारण शोधायला भाग पाडतो. दोन साधनांमधला कौल इथे लागतो. सर्किट तुटल्यावर कुणी तपासल्याशिवाय ते पुन्हा जोडलं जाणं सुरक्षित आहे का? उत्तर हो असेल तर ब्रेकर, नाही असेल तर फ्यूज. शंका असेल तरीही फ्यूजच. आणि अशा शंकेच्या जागी ब्रेकरच बसवायचा असेल, तर तो हाताने जोडायचा घेणं सगळ्यात बरं.

बस बांधणीसाठी संयुक्त राष्ट्रांचा 107 क्रमांकाचा नियम आहे. स्टार्टर, चार्जिंग, ग्लो प्लग अशी मोजकी सर्किटं सोडून प्रत्येक सर्किटला फ्यूज किंवा सर्किट ब्रेकर असलाच पाहिजे, असं तो सांगतो. दोन्हींपैकी काय निवडायचं हे बांधणाऱ्यावर सोपवलेलं आहे. स्टार्टर वगळलेला आहे, कारण त्याचा प्रवाहच शेकडो अँपिअरचा असतो. तिथे भिस्त असते ती जाड केबल, मजबूत क्लॅम्प आणि केबल कुठे घासणार नाही या काळजीवर.

व्होल्टेजचा मुद्दा आपल्याकडे आता फार महत्त्वाचा झाला आहे. दोन पात्यांचा साधा फ्यूज 32 व्होल्टपर्यंतच्या कामासाठी बनवलेला असतो. बारा व्होल्टच्या मोटारीला आणि चोवीस व्होल्टच्या ट्रकला तो चालतो. बॅटरीवरच्या ई-रिक्षात मात्र बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या ओळीने जोडून 48 व्होल्ट केलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर ते आणखी वर जातात. तिथे साध्या फ्यूजची पट्टी वितळली तरी दोन टोकांमध्ये ठिणगीची कमान टिकून राहू शकते आणि प्रवाह वाहतच राहतो. त्यासाठी जास्त व्होल्टचा फ्यूज किंवा डीसीसाठी बनवलेला ब्रेकरच लागतो. डीसीसाठी हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. घरातल्या एमसीबी नावाच्या ब्रेकरमधून वाहणारी वीज एसी असते, सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, आणि त्या क्षणी ठिणगी आपसूक विझते. बॅटरीची वीज तशी शून्यावर कधीच येत नाही. म्हणून घरगुती वायरिंगच्या दुकानातून उचललेली एमसीबी गाडीत बसवू नये. तिच्यावर डीसीचं व्होल्टेज स्पष्ट छापलेलं असेल, तरच घ्यावी.

उष्णतेचाही विचार हवा. दोन्ही साधनं उष्णतेवर चालतात, त्यामुळे मे महिन्यात इंजिनाशेजारी ती लवकर पडतात. सतत चालणाऱ्या वस्तूचा प्रवाह फ्यूजच्या आकड्याच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त नसावा, असा अभियंत्यांचा दंडक आहे. सतत साडेसात अँपिअर ओढणाऱ्या वस्तूला दहाचा फ्यूज आणि दहा अँपिअर झेपणारी वायर लागते. कधी कधी फ्यूजची पट्टी शाबूत असते, पण प्लास्टिक वितळलेलं दिसतं. तिथे दोष बहुधा सैल झालेल्या खोबणीचा असतो. नवा फ्यूज घालून तो जाणार नाही, खोबणीच बदलावी लागेल.

नव्या गाड्यांत फ्यूजची पेटीच नाहीशी होऊ लागली आहे. टेस्लाच्या मॉडेल 3 मध्ये बारा व्होल्टच्या बहुतेक सर्किटांवर इलेक्ट्रॉनिक चिप लक्ष ठेवते आणि प्रवाह वाढला की सर्किट बंद करते. पुन्हा जोडून बघायचं की नाही, किती वेळा बघायचं, हे तिथे प्रोग्राम लिहिणारा ठरवतो. म्हणजे आपण आत्ता पाहिलेला प्रश्न त्यालाही चुकलेला नाही.

रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत मात्र अजून फ्यूजच आहेत, आणि त्यांच्यावर जादा हॉर्न, एलईडी दिवे, कॅमेरे, अँप्लिफायर चढवण्याचं काम गल्लोगल्ली चालू आहे. ही जोडणी करून घेताना मालकाने वायरिंगवाल्याला तीन गोष्टी विचाराव्यात: नवी वस्तू किती अँपिअर घेते, तिला कितीची वायर टाकली आणि फ्यूज कुठे लावला. तिसरं उत्तर ‘बॅटरीजवळ’ असंच हवं, शक्यतो वीतभर अंतरात. कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला वायरीचा तुकडा कुणाच्याच पहाऱ्यात नसतो. अमेरिकेत व्यापारी ट्रकच्या आवश्यक भागांना ज्या ज्या आकाराचे फ्यूज लागतात, त्या प्रत्येकाचा किमान एक जादा फ्यूज गाडीत ठेवण्याचा नियम केला गेला होता. आपल्या गाडीत जादा फ्यूज ठेवायला कायद्याची गरज नाही. दहा, पंधरा आणि वीसचे दोन-दोन फ्यूज आणि एक छोटा चिमटा डॅशबोर्डच्या कप्प्यात मावतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच आकड्याचा घालावा. तोही लगेच उडाला, तर तिसरा न घालता गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यावी.